बँजोवाला पाहिजे

"हा बँजो नाही," क्रॅनलीसाहेब म्हणाले.

मी टेबलावरच्या वाद्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. सागाची फळी होती, तारा होत्या, तारांवर टाइपरायटरची बटणं होती. लालबागच्या भाई मेस्त्रींनी स्वतःच्या हातांनी जुळवलेलं ते वाद्य. बाजूला मी स्वतः टेलिफोनच्या रिसिव्हरमधला चुंबक बसवून विजेवर चालणारं केलेलं. बाळपणापासून या वस्तूला मी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखत नव्हतो.

"बँजोच आहे," मी म्हणालो.

"बँजो गोल असतो. त्याला चामडं असतं, लांब दांडी असते. माणूस तो पट्ट्यानं गळ्यात अडकवतो."

"आम्हीही गळ्यातच अडकवतो," मी म्हणालो. "मिरवणूक लांबली की मान धरते."

क्रॅनलीसाहेबांनी डोळे मिटले. ते लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचे माणूस. जांभळा शर्ट, गळ्यात रुमाल, आणि चेहऱ्यावर असा भाव की यॉर्कशरला पाठवून कंपनीनं आपला अपमान केलाय. पलीकडे ड्रमवाला ग्रॅहम हसू लपवायला खाली वाकून उगाच ड्रमच्या पायातला स्क्रू आवळत होता. आणि ज्याच्या रेकॉर्डसाठी हा सगळा घाट होता तो लेन बिन्स आमच्याकडे पाठ करून गिटारची तार बदलत बसला होता. त्यानं मागं न बघताच विचारलं, "कार्डावर काय लिहिलं होतं?"

"बँजोवाला पाहिजे," मी म्हणालो.

"आणि तू काय आणलंस?"

"बँजो."

"मग अडलंय कुठे?" लेन म्हणाला आणि तार पिळत राहिला.

आता थोडं मागं जायला हवं, नाहीतर लालबागचा विश्राम तोरसकर ब्रॅडफर्डमधल्या पियानोच्या दुकानाच्या माडीवर काय करत होता, हे कळायचं नाही.

मी गिरणीतला वायरमन. परळच्या गिरणीत उमेदवारी केली आणि साठाच्या दशकाच्या शेवटी तिकडच्या एका लोकरीच्या गिरणीत नोकरी मिळाली म्हणून विलायतेला गेलो. लोकांना वाटतं विलायत म्हणजे राणीचा राजवाडा. माझ्या वाट्याला आली ती चिमणी, भोंगा आणि धुकं, म्हणजे परळच, फक्त गारठलेलं. तिथलं इंग्रजीही शाळेतल्यासारखं नव्हतं. अर्धे शब्द गिळायचे आणि उरलेले तोंडातल्या तोंडात घोळवायचे. मला ते पहिल्या आठवड्यात जमलं, कारण आमची मालवणीही प्रमाण मराठीशी तशीच वागते.

लेन त्याच गिरणीत कार्डिंग, म्हणजे लोकर विंचरायच्या खात्यात होता. चौतिशीचा, उंच, खांदे पडलेला, भिडस्त माणूस. त्या काळात विलायतेतल्या तरण्या पोरांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यांचं वेड लागलं होतं. हातात विजेची गिटार घ्यायची, आवाज मोठा करायचा आणि आपल्या नशिबाला बोल लावत गायचं. लंडनची पोरं त्यावर बघता बघता मोठी झाली, मासिकांत त्यांचे फोटो आले. लेन त्यांच्या आधीपासून वाजवत होता आणि, मला विचाराल तर, त्यांच्यापेक्षा चांगला. पण तो वाजवायचा दारूच्या गुत्त्यांत, शुक्रवारी, लोकांकडे पाठ करून. पाठमोऱ्या माणसाचा फोटो कोण छापणार? कुठून तरी या कंपनीच्या कानावर त्याचं नाव गेलं आणि एका रेकॉर्डचं बोलणं ठरलं.

रेकॉर्ड जवळजवळ झालं होतं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं आणि त्यासाठी हा एक शनिवार. क्रॅनलीसाहेब संध्याकाळच्या गाडीनं टेपा घेऊन जाणार होते. गाणं झालं तर रेकॉर्ड निघणार. नाही झालं तर कंपनी आहे त्या टेपा कपाटात टाकणार, हे त्यांनी सकाळीच सगळ्यांना ऐकवलं होतं. आणि लेनला दुसऱ्यांदा कोणी विचारणार नव्हतं, हे ऐकवायची गरजच नव्हती.

गिरणीच्या कँटीनमधल्या फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीशेजारी, लेननं कार्ड लावलं होतं: 'बँजोवाला पाहिजे. शनिवारी सकाळी. स्वतःचा बँजो आणावा.' ते कार्ड तसंच लटकत राहिलं. मांजरसुद्धा सापडलं, पण लेनला बँजोवाला सापडेना. मला रोज चहाच्या वेळी ते कार्ड दिसायचं आणि वाईट वाटायचं. शेवटी मी त्याला गाठलं.

"मिळाला का कोणी?"

"कुठला," लेन चहात बघत म्हणाला.

"मी वाजवतो थोडाफार."

"हो का? मग ये."

एवढंच. आश्चर्य नाही, चौकशी नाही. मला वाटलं, इंग्रज माणूस, यांच्यात असंच असेल.

खरं सांगायचं तर मी बँजो विलायतेला नेलाय हे गिरणीत कोणाला माहीत नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. घरी वाजवायची सोय नव्हती, खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूनं छताला धक्के द्यायची. म्हणून तो मी गिरणीच्या स्विच रूममध्ये, फ्यूजच्या खोक्यांमागे ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत दार लावायचं, बूट बाहेर काढायचे, कारण भाई मेस्त्रींनी बुटानिशी वाद्याला हात लावू दिला नव्हता, आणि रबराच्या चटईवर मांडी घालून हळू वाजवायचं. विजेच्या खोलीत अनवाणी बसणारा वायरमन त्या देशात मी एकटाच असणार. एकदा फोरमननं फडक्याखाली काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, बँजो. तो फडकं न उचलता हसून निघून गेला. तेवढ्यानंही मला दोन दिवस ओशाळल्यासारखं झालं. लालबागमध्ये बँजो म्हणजे रस्त्यावरचं वाद्य. हळदीला वाजतो, गणपतीत वाजतो. तो कोणी दिवाणखान्यात बसून ऐकत नाही.

शनिवारी सकाळी मी बँजो चादरीत गुंडाळून निघालो तेव्हा आमच्या सरोजनं दारात अडवलं. लग्न होऊन ती नुकतीच विलायतेला आली होती.

"ह्यां काय काखेत मारून खंय चललात?"

"एका माणसाचं अडलंय. बँजो वाजवायला."

"गोऱ्यांका बँजो कित्याक होयो? हसतले तुमका."

"हसांदेत. गरीब माणूस आसा, त्येका कोण गावना नाय."

"बरां. पन जेवक येळार येवा," ती म्हणाली, आणि मफलर माझ्या गळ्याऐवजी बँजोला गुंडाळला.

तर आता पुन्हा माडीवर या. क्रॅनलीसाहेबांनी डोळे उघडले होते आणि त्यांत एक नवीनच चमक आली होती.

"मिस्टर टोस्का," ते म्हणाले. तोरसकरचं त्यांनी तेवढंच ठेवलं होतं. "तुम्ही इंडियन ना? तुम्हाला सतार येते का? सध्या सतारीला फार मागणी आहे."

"साहेब, मी सतार पाहिलीय. दुकानाच्या काचेतून."

"पण तुम्ही इंडियन आहात."

"तुम्हाला बॅगपाइप येतो?"

"तो स्कॉटिश लोकांचा."

"तसंच ते," मी म्हणालो.

ग्रॅहमच्या हातातला पाना खाली पडला. लेन मात्र उठला, माझ्या बँजोची वायर घेतली आणि स्वतःच्या अँप्लिफायरला लावली. तेव्हा मी बघितलं, त्याच्या पायांत बूट नव्हते. नुसते मोजे, एका अंगठ्याला भोक. जमीन बर्फासारखी गार होती. मी आपला शिरस्त्याप्रमाणे माझे बूट दाराशी काढले, बँजोला हात लावून कपाळाला लावला आणि बसलो. क्रॅनलीसाहेब दोघांचे पाय बघून काही विचारणार होते, पण त्यांनी तो नाद सोडला.

"वाजवा काय वाजवायचं ते," ते म्हणाले. "एक तास."

आता मला कोणी "वाजवा" म्हटलं की माझ्या हाताला एकच सवय. लालबागच्या नाक्यावर गणपती आलाय, गुलाल उडतोय, मागं पोरं नाचतायत. तेच मी सुरू केलं. ग्रॅहमला जन्मात इतका आनंद झाला नव्हता. त्यानं असा काही ठेका धरला की खालच्या दुकानातले पियानो आपोआप झणझणले. टेप चालवणाऱ्या माणसाच्या यंत्रातला काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन तिथेच थरथरत राहिला.

"थांबा, थांबा," क्रॅनलीसाहेब कानांवर हात ठेवून म्हणाले. "हे लग्नाचं आहे की लढाईचं?"

"बाप्पाला समुद्रावर नेतानाचं," मी म्हणालो, आणि थोडक्यात सांगितलं. मूर्ती, मिरवणूक, विसर्जन.

"सुंदर. पण याचा ब्लूजशी काही संबंध नाही. लेन, मला वाटतं आपण इथेच थांबावं. मला लवकरची गाडी मिळेल."

लेनचा चेहरा पांढरा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस सबंध आयुष्य गुत्त्यात वाजवत राहिला, त्याला एक संधी आली, आणि तिच्यावर मी गुलाल उधळून बसलो. सरोज म्हणाली होती तेच खरं, फक्त हे लोक हसतही नव्हते. मी वायर काढायला वाकलो.

"राहू दे," लेन म्हणाला. मग खाली मान घालून, गिटारच्या तारांशी चाळा करत त्यानं विचारलं, "नेताना हे वाजवता. मग परत येताना काय वाजवता?"

आता मी थबकलो. परत येतानाचं कोणी विचारत नाही. परत येताना असतं काय? मूर्ती गेलेली असते. ज्या पाटावर ती बसवून नेली तो पाट रिकामा, त्यावर समुद्राची मूठभर वाळू, आणि एक पोरगा तो डोक्यावर घेऊन पुढे चाललेला. नाचून नाचून पाय गेलेले, घसे बसलेले. कोणी ऐकत नाही. तेव्हा भाई मेस्त्री स्वतःसाठी वाजवायचे. चालायच्या लयीत, पाय ओढत. बटण नुसतं दाबायचं नाही, दाबून वर आणखी जोर द्यायचा, म्हणजे सूर आपल्या जागेवरून थोडा वर सरकतो आणि रडवेला होतो. त्या चालीला नावही नव्हतं. स्विच रूममध्ये मी जास्त करून तीच वाजवायचो. त्या देशात माझी परत येतानाचीच अवस्था होती म्हणा ना.

"आहे एक," मी म्हणालो. "पण ती लोकांसाठी नाही."

"चालेल," लेन म्हणाला. "आम्ही लोक नाही."

मी सुरू केलं. पहिली ओळ एकट्यानं वाजवली. दुसऱ्या ओळीला ग्रॅहमनं काठ्या ठेवल्या आणि ब्रशनं, दमलेल्या पायांसारखा, ठेका धरला. आणि मग लेनची गिटार आली.

गिटारवाल्यांना साथ करताना मी पुढेही पुष्कळ बघितलं. अनोळखी चाल असेल तर ते आधी कडेकडेनं येतात, चाचपतात, चुकतात. लेन चाचपला नाही. माझी चाल वळणावर येण्याआधी तो वळणावर उभा असायचा. मी सूर वर दाबायला जोर लावावा आणि त्यानं तार ओढून तोच सूर तिकडून वर न्यावा. मध्येच भाई मेस्त्रींची एक जागा आहे. तिथे ऐकणारा हमखास फसतो, कारण चाल संपल्यासारखी वाटते आणि संपत नाही. लेन तिथे फसला नाही. मी चमकून त्याच्याकडे बघितलं. तो पहिल्यांदाच लोकांकडे तोंड करून उभा होता, डोळे मिटून. मग तो गायला लागला, लोकरीचे ओले गठ्ठे आणि रिकाम्या हातानं घरी जाणं असलं काहीतरी, आणि त्याचे शब्द माझ्या चालीवर शिवल्यासारखे बसले. मला वाटलं, याला म्हणतात कलावंत. एकदा ऐकतो आणि सगळं उमगतं.

टेप संपली तेव्हा आम्ही थांबलो. क्रॅनलीसाहेब खुर्चीवरून कधी उठले आणि जिन्याच्या पायरीवर कधी जाऊन बसले, कोणाला कळलं नव्हतं. गळ्यातला रुमाल त्यांच्या हातात होता.

"पुन्हा करायचं?" टेपवाल्यानं विचारलं.

"मूर्ख आहात काय?" ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "मिस्टर टोस्का, याचं नाव काय?"

मला नाव ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "रिकामा पाट." आणि पाट म्हणजे बसायचं बुटकं लाकडी आसन, हेही समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलवली, लिहून घेतलं आणि गाडी गाठली.

मी जेवायला वेळेवर पोचलो नाही. सरोजनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "हसले नाय ते."

"नाय," मी म्हणालो, आणि मीच हसत सुटलो.

रेकॉर्ड निघालं. नाव 'वेट वूल', म्हणजे ओली लोकर. कव्हरवर लेनचा फोटो होता, पाठमोरा. मागच्या बाजूला शेवटच्या गाण्याचं नाव छापलं होतं, 'रिकामा पॅट'. इंग्रजी अक्षरांत पाटाचा पॅट झाला आणि घात झाला. तिकडे पॅट हे बाईचं नाव. ज्या मोजक्या लोकांनी ते रेकॉर्ड घेतलं त्यांनी ठरवून टाकलं की रिकामा पॅट ही लेनला सोडून गेलेली कोणी बाई. खाली 'बँजो: व्ही. टोस्का' असंही छापलं होतं. तो इटालियन, असं एका मासिकानं लिहिलं. लेनच्या बायकोनं, मॉरीननं, त्याला एकच प्रश्न विचारला: पॅट कोण? लेननं सांगितलं की ते एक स्टूल आहे. स्टूल सोडून गेलं म्हणून एवढं गळा काढून कोण गातं? तिनं काही ते मानलं नाही.

रेकॉर्ड खपलं नाही. लंडनची पोरं पुढे गेली, लेन कार्डिंग खात्यात राहिला आणि शुक्रवारी गुत्त्यात वाजवत राहिला. त्यानं कधी कुरकुर केली नाही. मी काही वर्षांनी लालबागला परतलो. अधूनमधून खबर लागायची, की आता जुनी रेकॉर्डं जमवणारे लोक ओली लोकर शोधत फिरतात. एक जपानी माणूस तर लेनच्या दारात येऊन, कमरेत वाकून, पॅटची चौकशी करून गेला. मॉरीननं त्याला चहा दिला आणि म्हणाली, कळलं तर मलाही सांगा.

निवृत्त झाल्यावर लेन आणि मॉरीन मुंबईला आले, आमच्याकडेच उतरले. गणपतीचे दिवस होते. विसर्जनाला आम्ही चौपाटीपर्यंत गेलो आणि सकाळी उन्हं वर येताना मंडळाच्या पोरांबरोबर चालत परत निघालो. मॉरीन आणि सरोज पुढे, एकमेकींचं काही न समजता जोरजोरात बोलत. लेन आणि मी मागे. हातगाडीवर बँजो होता. दमलेल्या पोरांपैकी एकानं, कोणी ऐकत नाही असं बघून, भाई मेस्त्रींची चाल धरली.

लेन थांबला. रस्त्याच्या कडेच्या भिंतीला हात टेकून त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि पुन्हा चालू लागला.

"पाय भाजतील," मी म्हणालो.

"सवय आहे," तो म्हणाला. "अख्खा हिवाळा काढलाय असा."

"कुठे?"

"स्विच रूमच्या दाराबाहेर. तुझे बूट दिसले की समजायचं, आतला कार्यक्रम सुरू झाला. मीही माझे काढायचो, म्हणजे तुला चाहूल लागू नये. डबा तिथेच खायचो, जमिनीवर बसून."

एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की लेन एकदा ऐकतो आणि सगळं उमगतं.

"म्हणजे ते गाणं..."

"तुझ्या चालीवरच बांधलेलं. तुझ्याशिवाय पुरं होणारच नव्हतं."

"आणि ते कार्ड? तुला बँजोवाला हवा होता ना?"

"विश, त्या सगळ्या गावात बँजोवाला एकच होता. तू फोरमनला बँजो म्हणालास ते मी ऐकलं. म्हणून मीही बँजो लिहिलं. आधी क्रॅनलीला इंडियन माणूस सांगितलं असतं तर तो सतार घेऊन आला असता."

"अरे, पण मला सरळ विचारायचंस. शेजारच्या तर खात्यात होतो."

चाल त्या फसव्या जागेवर आली होती. ती पार पडेपर्यंत लेन थांबला.

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं की कोणीतरी ऐकतंय," तो म्हणाला. "तू फडकं टाकून गप्प बसला असतास. मग माझी जेवणाची सुट्टी कशी गेली असती?"

त्या गारठलेल्या देशात, बंद दाराआड, आपलं ऐकायला कोणी नाही म्हणून मी किती दुपारी जीव लहान करून वाजवलं होतं. आणि दारापलीकडे एक माणूस मोज्यांवर बसून, घास तोंडात घोळवत, हलकेच चावत होता. मला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि लालबागच्या रस्त्यात दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत बघून हातगाडीवाला घंटा वाजवायला लागला.

तेवढ्यात मंडळाचा एक पोरगा आम्हाला ओलांडून पुढे गेला. डोक्यावर पाट, पाटावर मूठभर ओली वाळू. मी मॉरीनला हाक मारली. ती वळली.

"तू विचारत होतीस ना," मी बोट दाखवून म्हणालो. "ती बघ, पॅट."

मॉरीननं पाटाकडे बघितलं. मग लेनच्या अनवाणी पायांकडे बघितलं, त्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि पुन्हा त्या पाटाकडे, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत.

"दिसायला बरी आहे," ती म्हणाली.